शंका घेऊन या: हर्णैजवळच्या एका निवासी शिबिराविषयी

ज्या ख्रिस्ती माणसाच्या मनात आपल्याच विश्वासाविषयी प्रश्न उभे राहतात, त्याला ते मोठ्याने विचारता यावेत अशा जागा आपल्याकडे फार थोड्या आहेत. पाळकांना विचारावे तर पुढच्या प्रार्थनासभेत आपले नाव घेऊन देवाकडे मध्यस्थी होते, घरी विचारावे तर आईचा रक्तदाब वाढतो, आणि बिगर-ख्रिस्ती मित्रांना विचारावे तर त्यांना मुळात अडचणच कळत नाही. म्हणून हर्णैच्या उत्तरेला, आंजर्ल्याच्या खाडीच्या अलीकडे एका वाडीत अशा लोकांसाठी तीन दिवसांचे निवासी शिबिर भरते असे समजल्यावर मी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तेथे जाऊन आलो. स्थळाचे आणि सहभागी व्यक्तींचे नाव बाहेर देऊ नये अशी आयोजकांची विनंती होती. ती रास्त वाटल्याने येथे पाळली आहे. या शिबिराची माहिती तशीही ओळखीतूनच मिळते. मिळाल्यावर जावे की नाही, हे ठरवताना या टिपणाचा उपयोग व्हावा.

आधी व्यवस्थेविषयी. माणशी साडेचार हजार रुपयांत तीन रात्रींचा निवास, दोन वेळचे जेवण, नाश्ता आणि चहा मिळतो, आणि या भागातील सध्याचे दर पाहता ही रक्कम माफक आहे. घर जुने, जांभ्या दगडाचे व कौलारू असून एका खोलीत तिघांची सोय होते. स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या हाताला चव आहे. सकाळी घावणे किंवा आंबोळ्या, दुपारी हर्णै बंदरावरच्या लिलावातून आलेली ताजी मासळी आणि रात्री कुळथाचे पिठले असा साधा बेत असे, आणि सोलकढी मागाल तितकी मिळे. उणीव विजेची होती. दुपारी दोन ते चार या वेळेत दिवे गेले की पंखे बंद पडत आणि नेमके सर्वांत कठीण विषय त्याच वेळी ठेवलेले असत. शिवाय शेजारच्या घराची शाकारणी चालू असल्याने कौले उतरवण्याचा खडखडाट पहिले दोन दिवस अखंड ऐकू येत होता. शिबिराची तारीख ठरवताना एप्रिल-मे हे कोकणात घरे शाकारण्याचे दिवस असतात, एवढे तरी आयोजकांनी लक्षात घ्यायला हवे होते.

त्या खडखडाटाचा एक उपयोग मात्र झाला. शिबिराचे संचालन करणारे निवृत्त ईश्वरविज्ञान-शिक्षक, ज्यांना सगळे नुसते ‘सर’ म्हणत, पहिल्या सत्रात ‘डीकन्स्ट्रक्शन’ हा शब्द समजावून सांगत होते. फ्रेंच विचारवंत जाक देरिदा यांच्याकडून आलेला हा शब्द अमेरिकेतील इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल आणि वैयक्तिक तारणाच्या अनुभवावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट, वर्तुळात आता, लहानपणापासून मिळालेला विश्वास सुटा करून तपासणे, अशा सैल अर्थाने वापरला जातो, असे ते सांगत असताना गुहागरकडच्या एक बाई म्हणाल्या, “सर, आमच्याकडे याला शाकारणी म्हणतात. पावसाच्या आधी कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वाशाला वाळवी लागली असेल तर वासा बदलायचा आणि परत चढवायची.” सर्वांना हे इतके आवडले की पुढचे तीन दिवस तोच शब्द चालला. मला तो थोडा जास्तच सोयीचा वाटला. शाकारणीत घर राहणारच असते, वाद असतो तो फक्त कौलांचा. आमच्यातल्या निदान दोघांच्या भिंती आधीच पडलेल्या होत्या आणि त्यांच्यासमोर कौलांची भाषा करणे थोडे निर्दयच होते.

माझी पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय पुढचे मत समजणार नाही. वडिलांकडून मी तिसऱ्या पिढीतला ख्रिस्ती. आमची मूळ मंडळी (चर्च) १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियातली, म्हणजे शांत, ठरावीक उपासनेची. नोकरीसाठी मुंबईला गेल्यावर मी एका स्वतंत्र फेलोशिपमध्ये, म्हणजे कोणत्याही मोठ्या चर्चशी न जोडलेल्या मंडळीत, गेलो. तेथे बाळपणीचा बाप्तिस्मा धरला जात नसल्याने मला पाण्यात बुडवून पुन्हा बाप्तिस्मा देण्यात आला, मी साक्ष देऊ लागलो, म्हणजे आपल्या विश्वासाविषयी इतरांना सांगू लागलो, आणि अकरा वर्षे तेथे मनापासून राहिलो. प्रश्न एका दिवसात पडले नाहीत. ते भिंतीत पाणी झिरपावे तसे आले, आणि पोपडे सुटू लागले तेव्हा कोठे माझ्या लक्षात आले.

सरांनी विषयाची मांडणी ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांच्या १९८९ सालच्या विवेचनावर केली होती. इव्हँजेलिकल विश्वासाची चार लक्षणे त्यांनी सांगितली आहेत: पवित्र शास्त्राला सर्वोच्च स्थान, ख्रिस्ताच्या क्रूसावर भर, प्रत्येकाने स्वतः पालटले पाहिजे हा आग्रह, आणि कृतीची धडपड. सरांचे म्हणणे असे की माणसे या विश्वासापासून दुरावतात ती बहुधा याच चार दारांनी, म्हणजे ज्या गोष्टीने आत आणले तीच बाहेरची वाट होते. ही मांडणी मला पटली, कारण तिच्यात प्रश्न विचारणारा आळशी किंवा पापात पडलेला ठरत नाही. उलट ज्याने शिकवण फार गंभीरपणे घेतली, तोच आधी अडखळतो.

शास्त्राचे सत्र सर्वांत चांगले झाले. १९७८ साली शिकागो येथे दोनशेहून अधिक इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनी एकत्र येऊन बायबल निर्दोष असल्याचे निवेदन तयार केले, आणि काटेकोर अर्थाने ही निर्दोषता मूळ हस्तलिखितांना लागू होते असे त्यातच म्हटले आहे. ती मूळ हस्तलिखिते आज कोणाकडेही नाहीत. हे ऐकल्यावर खोलीत जी शांतता पसरली, ती मी विसरणार नाही. मग सरांनी आमच्या जोड्या पाडल्या. एकाने मत्तयाच्या २७व्या अध्यायातील, येशूला धरून देणाऱ्या यहूदाचा मृत्यू वाचायचा आणि दुसऱ्याने प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायातील. एका ठिकाणी तो गळफास घेतो आणि एक शेत याजक विकत घेतात. दुसऱ्या ठिकाणी शेत तो स्वतः घेतो आणि पालथा पडून त्याचे पोट फुटते. चिपळूणहून आलेला एक तरुण म्हणाला, “संडेस्कूलला तेरा वर्षे गेलो, दोन्ही उतारे वाचलेले होते, पण शेजारी ठेवून कधीच वाचले नव्हते.” या दोहोंचा मेळ घालणारी स्पष्टीकरणे आहेत आणि सरांनी तीही प्रामाणिकपणे सांगितली. त्यांचा मुद्दा वेगळा होता. एक वीट हलली तर संपूर्ण इमारत कोसळेल असे ज्या मुलाला लहानपणी शिकवले गेले, त्याची इमारत एका विटेने कोसळते, आणि तो दोष विटेचा म्हणता येत नाही. अमेरिकेतील वेस्टमिन्स्टर सेमिनरीत जुना करार शिकवणारे पीटर एन्स यांनी शास्त्राची मानवी बाजू अधिक मोकळेपणाने मांडली तेव्हा २००८ साली त्यांना ती संस्था सोडावी लागली. प्रश्न विचारणाऱ्याला आत राहण्याची मुभा नसली की त्याच्यापुढे बाहेर जाण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.

तरीही विसंगतींपेक्षा नीतीचे प्रश्न अधिक खोल रुततात, असे मला तेथे जाणवले. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील १५व्या अध्यायात अमालेकी लोकांची बायका-मुले व तान्ही बाळेसुद्धा मारून टाकण्याची आज्ञा आहे. तो उतारा वाचल्यावर एक प्राथमिक शिक्षिका उठून व्हरांड्यात गेल्या आणि बराच वेळ परत आल्या नाहीत. पृथ्वी सहा दिवसांत झाली की कोट्यवधी वर्षांत, या प्रश्नाने आमच्यातले कोणीच इतके अस्वस्थ झाले नव्हते. शाळेत विज्ञान आणि रविवारी बायबलातले उत्पत्तीचे पुस्तक, अशी दोन खाती मराठी ख्रिस्ती घरांत फार पूर्वीपासून बिनतक्रार चालत आली आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पंखे बंद असताना, नरकाचा विषय निघाला. अमेरिकन पाळक रॉब बेल यांनी २०११ साली या विषयावर लिहिलेल्या पुस्तकाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. मंडळीतील कलाप्रदर्शनात कोणीतरी गांधीजींचे वचन असलेली कलाकृती ठेवली होती आणि तिच्यावर दुसऱ्या कोणीतरी गांधी नरकात आहेत अशा अर्थाची चिठ्ठी चिकटवली. ते खात्रीने कोणाला ठाऊक आहे, असे बेल विचारतात. त्या पुस्तकावरून तिकडे मोठे वादळ उठले आणि त्याच वर्षी त्यांनी आपली मंडळी सोडण्याचे जाहीर केले. तेथील वाचकासाठी गांधी हे दूरचे, आदरणीय उदाहरण असेल. आमच्यासाठी हा प्रश्न घरातला आहे. माझी आई लग्नाआधी बाप्तिस्मा घेतलेली, पण आजी अखेरपर्यंत हरिपाठ म्हणणारी, तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा न घेणारी. मी एकोणीस वर्षांचा असताना एका युवा-शिबिरात वक्त्याने मला विचारले होते, “आजीला साक्ष दिलीस का? नाही दिलीस तर तिचे रक्त तुझ्या हातावर आहे.” बायबलातील यहेज्केलाच्या पुस्तकाचा आधार होता. आजी त्यानंतर दोन वर्षांनी गेली. मी तिला साक्ष दिली नव्हती, कारण तिने वाढलेली पेज खाताना तिच्याकडे पाहून ते वाक्य तोंडातून निघत नसे. पुढे अकरा वर्षे त्या फेलोशिपमध्ये स्तुतिगीते गाताना मी हा प्रश्न जवळ बाळगला आणि तो पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला तो या घराच्या ओटीवर.

येथे शिबिराच्या एका नियमाची स्तुती केली पाहिजे, कारण साडेचार हजार रुपये मला त्यासाठीच वसूल झाले असे वाटते. कोणी प्रश्न मांडला की त्याच सत्रात त्याला उत्तर द्यायचे नाही. पुढचे जेवण होईपर्यंत तो तसाच राहू द्यायचा. विचारल्याशिवाय कोणी कोणासाठी प्रार्थना करायची नाही, डोक्यावर हात ठेवायचा नाही. ज्याने कधी मंडळीत शंका बोलून दाखवली आहे, त्याला हा नियम किती मोठा आहे ते कळेल. आजीविषयी बोलून झाल्यावर कोणीही मला वचन वाचून दाखवले नाही. मावशींनी तेवढी सोलकढी आणून ठेवली. पुण्याहून आलेल्या समुपदेशक ताई तिन्ही दिवस उपलब्ध होत्या आणि लहानपणापासून मनात बसलेली नरकाची भीती बुद्धीला पटेनाशी झाल्यावरही शरीरात कशी टिकून राहते, हे त्यांनी फार समजुतीने सांगितले.

पालटण्याच्या आग्रहाचे सत्र अर्ध्या तासात आटोपले. दर शिबिरात पुढे येऊन नव्याने जीवन समर्पण करणाऱ्यांना, आपले पहिले समर्पण खरे होते का अशी शंका कायम छळते, यापलीकडे त्यात नवे काही नव्हते.

तिसऱ्या दिवसाची सकाळ मात्र वाया गेली. विषय होता पुढाऱ्यांचे पतन आणि राजकारण, आणि पडद्यावरची सर्व सामग्री इंग्रजीत होती. २०१६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत मतदानोत्तर पाहण्यांनुसार सुमारे ८१ टक्के गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांनी डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिले आणि त्याच वर्षी ‘एक्सव्हँजेलिकल’, म्हणजे इव्हँजेलिकल विश्वास सोडलेला, हा शब्द प्रचारात आला, ही माहिती आपल्या जागी बरोबर आहे. तिकडच्या अनेकांना आपल्या मंडळीने शिकवलेली नीती आणि तिने निवडलेला पुढारी यांत मेळ बसेना, हेही समजते. पण देवरुख आणि मालवणहून आलेल्या माणसांनी त्यावर दीड तास घालवण्याचे कारण समजले नाही. लग्नाआधीच्या शुद्धतेची चळवळही तशीच. जोशुआ हॅरिस यांनी १९९७ साली प्रेमप्रकरणांविरुद्ध लिहिलेले पुस्तक लाखोंनी वाचले, २०१८ साली त्यांनी ते मागे घेतले आणि २०१९ साली आपण आता ख्रिस्ती नाही असे जाहीर केले. आमच्या मंडळ्यांत या शिकवणीने फारशी खळबळ माजली नाही, कारण आईवडिलांनी ठरवलेल्या लग्नाला तिने फक्त वचनाचा आधार मिळवून दिला.

त्या सकाळी एकच उदाहरण आम्हा सर्वांना आपले वाटले, ते रवी झकारायस यांचे. १९४६ साली मद्रासमध्ये जन्मलेले हे वक्ते शंकांना बुद्धीने उत्तरे देण्यासाठी जगभर प्रसिद्ध होते आणि त्यांची भाषणे मी मुंबईच्या लोकलमध्ये कानात घालून ऐकत असे. मे २०२० मध्ये ते वारले. त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांच्या फेब्रुवारी २०२१ च्या अहवालाने त्यांचे दीर्घकाळचे लैंगिक गैरवर्तन उघड केले. ज्यांच्या उत्तरांवर आपण शंका मिटवल्या, त्यांच्याविषयी असे कळल्यावर ती उत्तरे खोटी ठरतात का, हा प्रश्न तर्काच्या दृष्टीने सोपा आहे. सहन करायला तो सोपा नाही. यावर दीड तास दिला असता तर उपयोग झाला असता.

जे आमचे होते, ते जेवणाच्या पंगतीत बोलले गेले. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी घरे सोयरीक जुळवताना मूळ जात विचारतात, हे पाहून विश्वास डळमळल्याचे तिघांनी सांगितले. शेजाऱ्यांकडचा गणपतीचा मोदक परत पाठवायचा की घ्यायचा, या वादातून करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा अध्याय स्वतः वाचायला घेतलेली एक गृहिणी तेथून कोठल्या कोठे पोहोचली होती. आणि मंडळी सोडली तर दफन कोठे होणार, हा प्रश्न अमेरिकेतल्या कोणा लेखकाला पडत असेल असे मला वाटत नाही. कोकणातल्या लहान गावात एकच ख्रिस्ती दफनभूमी असते आणि ती मंडळीच्या ताब्यात असते. सोडून गेलेला माणूस मुलीच्या लग्नाचा आणि बापाच्या मातीचा विचार करून पुन्हा रविवारी येऊन बाकावर बसतो. तो विश्वास ठेवतो की नाही, हे मग कोणी विचारत नाही, त्यालाही बोलायचे नसते.

शेवटच्या दुपारी, सामान बांधताना म्हणावा अशा एका तासात, मराठी पूर्वजांचा विषय उरकण्यात आला आणि माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. ज्या किनाऱ्यावर आम्ही बसलो होतो त्याच्याच उत्तरेला बाणकोट येथे १८२३ साली स्कॉटिश मिशनऱ्यांनी काम सुरू केले. याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली जन्मलेले नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत राहिले, आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारू पाहिला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त असावेत. परदेशी चौकट नाकारूनही ख्रिस्ताला न सोडण्याचा हा प्रयोग शंभर वर्षांपूर्वी आपल्याच माणसाने केला, आणि त्यांची भजने आम्ही आजही उपासनेत म्हणतो. त्यांच्या वाट्याला वीस मिनिटे आली.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत तर मांडणीच चुकली. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एक देव ही शिकवण) आणि चर्चचा अधिकार या विषयांवर त्यांनी आपल्या अँग्लिकन धर्मभगिनींशी पत्रांतून जो वाद घातला, तो सरांनी रंगवून सांगितला आणि त्यांना बंडखोर ठरवून ते थांबले. पण रमाबाई तेथे थांबल्या नाहीत. १८९१ च्या सुमारास त्यांना स्वतःच्या तारणाचा अनुभव आला, १९०५ साली केडगावच्या मुक्ती सदनात मोठे संजीवन, म्हणजे सामूहिक धार्मिक जागृती, झाले, आणि मूळ भाषांवरून केलेले त्यांचे मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली निघाले. म्हणजे अधिकाराला प्रश्न विचारतच ही बाई इव्हँजेलिकल विश्वासात आली. शंका माणसाला एकाच दिशेने नेते असे गृहीत धरणाऱ्या पाळकांना जसे हे अडचणीचे आहे, तसेच या शिबिरालाही ते अडचणीचे असावे. मी हे सरांना चहाच्या वेळी सांगितले. ते म्हणाले, “बरोबर आहे, पुढच्या वेळी तुम्हीच हे सत्र घ्या.” मी अजून होकार दिलेला नाही.

टेनेसीतल्या डेटन गावी, जेथे १९२५ साली उत्क्रांती शिकवण्यावरून प्रसिद्ध खटला झाला तेथे, वाढलेल्या रेचल हेल्ड इव्हान्स या लेखिकेचा उल्लेखही याच एकाच दिशेच्या गृहीतकामुळे राहून गेला, असे वाटते. त्यांनी इव्हँजेलिकल मंडळी सोडली आणि एपिस्कोपल चर्चमध्ये, म्हणजे अमेरिकेतील अँग्लिकन परंपरेच्या चर्चमध्ये, गेल्या. २०१९ साली अवघ्या ३७व्या वर्षी वारल्या तोवर त्या बाप्तिस्मा आणि प्रभुभोजनाविषयी प्रेमाने लिहीत होत्या. सोडणे आणि राहणे यांच्या मधल्या जागेचे असे उदाहरण आमच्यातल्या निम्म्या लोकांना हवे होते. मी स्वतः सध्या वडिलांच्या जुन्या मंडळीत मागच्या बाकावर बसतो.

जाणाऱ्यांनी मच्छरदाणी, सुती चादर आणि बॅटरी न्यावी. खेडहून दापोलीची आणि तेथून हर्णैची एस.टी. मिळते, मात्र शेवटच्या टप्प्याला रिक्षा आधी सांगून ठेवावी. मराठी बायबल स्वतःचेच न्यावे. तेथील कपाटात इंग्रजी प्रती अकरा आहेत आणि मराठी एकच, तिचीही यहेज्केलाची पाने सुटलेली आहेत.